बांधावरचं झाड

चार दिवसांची झड सकाळी थांबली आणि धरणाचा राखणदार विळा घेऊन गवत कापायला निघाला. पूर अडवायला घातलेल्या या मातीच्या बांधावर झाड वाढू द्यायचं नाही, मुळांच्या वाटेनं पाणी शिरतं, हे त्याला पाठ होतं. तरी बायकोनं सावलीसाठी लावलेलं एक झाड त्यानं राखलं. ती गेल्यावर तर त्याला हात लावायचा जीवच होईना.

आज त्या झाडाच्या खालच्या अंगाला, बांधाच्या पायथ्याशी, पाणी झिरपत होतं. त्यानं ओंजळीत घेतलं, तर गढूळ! म्हणजे आतली माती वाहायला लागली होती.

तो धावत खालच्या वस्तीत भावाच्या घरी गेला. "वहिनी, पोरं घ्या आणि टेकडी गाठा!"

"भावजी, दरवर्षी तुमचं आपलं लांडगा आला रे आला!"

"या खेपेला लांडगा मीच पाळलाय, वहिनी."

त्याचा चेहरा बघून तिनं चुलीवरचं तसंच टाकलं. वस्ती टेकडीवर चढली. दुपारी बांध फुटला. माणसं वाचली, घरं गेली. वहिनी गाळात आपली भांडी शोधायला लागली.

उरलेल्या बांधावर गवत गुडघाभर माजलं होतं. तो खाली बसला आणि विळा चालवायला लागला.