मनगटावरचा आठवडा

आमच्या बागेत आज कुठला आठवडा चालू आहे हे बघायला भिंतीवरच्या तक्त्यापाशी कुणी जात नसे. नांग बेनिंगच्या डाव्या मनगटाकडे बघायचं. सोमवारी सकाळी ती त्या आठवड्याच्या रंगाची फीत मनगटाला बांधायची, ती थेट रविवारी रात्री सोडायची. चर्चमध्येसुद्धा ती हातात असायची. पाद्रीबाबा एकदा गमतीनं म्हणाले, "बेनिंग, देवाला कळतं हो कुठला आठवडा आहे ते." ती म्हणाली, "देवाला कळतं, पण कापणाऱ्यांना कळायला हवं ना."

केळ्याच्या तोंडावर त्याचं वय लिहिलेलं नसतं. म्हणून घड बाहेर पडला की त्याला पिशवी चढवायची आणि त्या आठवड्याच्या रंगाची फीत बांधायची. बारा आठवड्यांचे बारा रंग. अकरा आठवडे झाले की कापणारे तेवढ्याच रंगाचे घड शोधून उतरवतात. लवकर उतरवला तर केळं बारीक निघतं. उशिरा उतरवला तर ते जहाजातच पिकतं, शेजारच्या खोक्यांनाही पिकवतं आणि तिकडून सगळा माल परत. "इथली चूक अकरा आठवड्यांनी कळते," असं नांग बेनिंग ट्रेनिंगला आलेल्या प्रत्येक पोराला पहिल्याच दिवशी सांगायची. मग पोरांची झोप उडाली तर त्यात नवल काय.

सव्वीस वर्षं तिनं फिती बांधल्या आणि एकोणीस वर्षं शेतकी कॉलेजची पोरं तिच्या हाताखाली आली. तिला सगळे नांग, म्हणजे ताई, म्हणत, तिच्याहून वयानं मोठ्या असलेल्या बायकासुद्धा. पोरांकडून ती बारा रंग जपमाळेसारखे घोकून घ्यायची, त्यांच्या ताटात आपल्या डब्यातली सुकी मासळी वाढायची आणि शिडी हलली की त्यांच्या अख्ख्या खानदानाचा उद्धार करायची. कागदावर सही बागेचे मॅनेजर सर नोनातो यांची असे, पण नांगला विचारल्याशिवाय ते पेन उघडत नसत.

मी डेल्फा, पॅकिंग शेडमध्ये टाकीवर केळ्यांच्या फण्या धुते. माझं घर बागेला लागून आहे, म्हणून ट्रेनिंगच्या पोरी माझ्याकडे राहायला ठेवतात. त्या वर्षी जोरिलिन आली, अराकान नावाच्या डोंगरी गावातली, काडीसारखी पोर. दहा आठवडे, चारशे तास. ते तास भरले आणि सरांची सही मिळाली तर पदवी. नाही मिळाली तर वर्ष पुन्हा आणि शिष्यवृत्ती बंद. शिष्यवृत्ती बंद म्हणजे कॉलेजच बंद, हे तिनं मला पहिल्या रात्री भात वाढताना सांगितलं आणि भात तसाच ठेवला.

"जेव गं, इंदाय," मी म्हटलं, आमच्याकडे पोरींना लाडानं म्हणतात तसं. "उपाशीपोटी कुणी सही देत नाही."

पहिले दोन आठवडे बरे गेले. पोर कामाला वाघ होती. रोज संध्याकाळी दारात बसून कॉलेजच्या वहीत दिवसभराचं काम लिहायची. तिसरा आठवडा पांढऱ्या फितीचा होता. त्या सोमवारी नांग बेनिंग टाकीवरून गेली तेव्हा तिच्या मनगटावर पिवळी फीत होती. मी स्वतः पाहिली. तक्त्यावर पिवळी दोन आठवडे पुढे होती. मला वाटलं, ऑफिसनं तक्ता बदलला असेल. आणि नांगला कोण विचारणार? मी फण्या धूत राहिले. गुरुवारी तिच्या मनगटावर पांढरी आली आणि मी ते विसरूनही गेले.

जोरिलिन विसरली नव्हती. त्या आठवड्यापासून तिच्या घशाखाली घास उतरेना. कुत्रं भुंकलं तरी दचकायची. मग एकदा, मी मासे साफ करत असताना, तिनं विचारलं, "आंटी, घड दोन आठवडे उशिरा उतरवला आणि तो जहाजात गेला, तर किती खोकी खराब होतात?"

"कोणाचा घड?"

"कोणाचाही."

"ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. काय केलंस?"

तिनं एका दमात सांगितलं. सात नंबरच्या प्लॉटमध्ये सोमवार ते बुधवार त्या दोघींनी पांढरीऐवजी पिवळी बांधली होती. मागच्या फेरीचं उरलेलं गुंडाळं पिशवीत होतं, तेच नांगनं काढून दिलं; ते बुधवारी संपलं तेव्हा कुठे पांढरं निघालं.

"मग तोंड शिवून का बसलीस?"

"नांगच्या मनगटावर पिवळी होती, आंटी. मी कोण त्यांना सांगणार? मला वाटलं, मलाच तक्ता वाचता येत नाही."

तेच मनगट मीही पाहिलं होतं. पण हे मी तिला सांगितलं नाही. मी हिशेब काढला. ते घड पांढरीचे, म्हणजे तिच्या चौदाव्या आठवड्यात उतरायचे. पिवळी बघून कापणारे ते सोळाव्यात उतरवणार. पोर दहाव्यातच घरी गेलेली असणार.

"गप्प राहा," मी म्हटलं. "सही घे आणि बसमध्ये बस. नांगला मी सावकाश सांगेन." सावकाश म्हणजे कधी, हे मलाही ठाऊक नव्हतं. तिच्या तोंडावर बोलायची माझी छाती नव्हती, खरं तर.

"पण वहीत लिहिलंय मी."

"काय लिहिलंयस?"

"जे केलं तेच. सोमवार, सात नंबर, पिवळी फीत."

मी कपाळाला हात लावला. "पान फाड आणि पांढरी लिही."

तिनं पान फाडलं नाही. रोज रात्री ते उघडायची, बघायची, मिटायची. आणि मी रोज सकाळी टाकीवर नांगला "शुभ सकाळ, नांग" म्हणायची आणि फण्यांत मान घालायची. सहाएक आठवडे असे गेले. दोन वेळा सांगायचं म्हणून मी नांगच्या मागे बांधापर्यंत गेले आणि मिरच्यांचं रोप मागून परत आले.

दहाव्या आठवड्याच्या मंगळवारी सरांनी सहीसाठी वही मागवली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते शेडमध्ये आले ते थेट चिखलाच्या बुटांनी, हातात वही घेऊन. वहीतलं वाचून सात नंबरला जाऊन आले होते. पिवळ्या फितीचे घड पांढरीच्या घडांइतकेच भरलेले त्यांनी स्वतः चाचपून पाहिले होते.

"हे कोणी बांधलं?" त्यांनी विचारलं.

जोरिलिन उभी राहिली. डब्यातला भात तिच्या मांडीवरून खाली सांडला.

"मी, सर."

"पांढरीच्या आठवड्यात पिवळी? आणि वर लिहूनही ठेवलंयस?"

बागेतून घड तारेला टांगून ओढत आणणारा एकजण हसला. "कॉलेजची आहे, सर. रंग पुढच्या वर्षी शिकवतात त्यांना."

सरांनी वही मिटली. "सही होणार नाही. कॉलेजला कळवतो मी."

पोर रडली नाही. मान खाली घालून उभी राहिली. मी डब्याचं झाकण घट्ट लावलं. शेडमध्ये तीस माणसं होती आणि त्यातल्या निम्म्यांनी तरी त्या सोमवारी नांगचं मनगट पाहिलं असणार. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, हे सगळ्यांना दिसत होतं. सगळे डब्यात बघत होते.

तेवढ्यात नांग बेनिंग उठली. ती खरोखर संतापली होती, आणि पोरीवरच. "इंदाय, मी तुला काय दिलं होतं? सांग सरांना. मी चुकीची फीत देईन का? सव्वीस वर्षांत दिली का कधी?" तिनं पिशवी उपडी केली, गुंडाळी टेबलावर घरंगळली. त्यातलं एक तिनं उचलून डोक्याच्या वर उंच धरलं. "ही. ही पांढरी दिली होती मी तुला."

तिच्या हातात पिवळं गुंडाळं होतं.

सरांनी टोपी काढली. नांगनं एकेका तोंडाकडे पाहिलं आणि तिचा हात हळूहळू खाली आला.

"इंदाय," ती म्हणाली, आता अगदी हलक्या आवाजात, "ही कुठली आहे?"

जोरिलिननं सरांच्या हातातल्या वहीकडे पाहिलं. मग नांगकडे. "पांढरी, नांग," ती म्हणाली.

तिचं वर्ष, तिची शिष्यवृत्ती, सगळं त्या एका शब्दात जात होतं, आणि मला ते बघवेना. मला माझी इतकी चीड आली की हात टाकीच्या कडेवर आपटला.

"पिवळी आहे," मी म्हटलं. "पिवळी आहे, नांग. त्या सोमवारीही तुमच्या मनगटावर पिवळीच होती. मी पाहिली. इथं पुष्कळांनी पाहिली. तुम्हाला बघूनच पोरीनं बांधली."

नांग बेनिंग बाकावर बसली. ते गुंडाळं तिनं डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं, मग दाराच्या उजेडात धरलं. "मेले डोळे," एवढंच म्हणाली. मग, "वर्षभर सगळंच पिवळट दिसतंय. मला वाटलं, हल्ली गुंडाळीच वाईट येतात."

मग तिनं सरांना सांगितलं, "चूक माझी. तिच्या कागदावर सही करा."

"आधी ते घड नीट होऊ द्या," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच त्या दोघी सात नंबरला गेल्या. तिथं खऱ्या पिवळ्या आठवड्याचे घडही होते, चुकीच्या पिवळीत मिसळलेले, आणि वेगळे ओळखायचे कसे हा प्रश्न होता. नांग शिडीवर चढायची, पिशवीखाली हात घालायची, मधल्या फणीचं केळं दोन बोटांत धरायची. "हे पांढरीचं," ती म्हणायची, आणि ती उतरली की जोरिलिन चढून पिवळी काढून पांढरी बांधायची. "हे खरं पिवळीचं, राहू दे." तीन दिवसांत दोनशे बारा घड झाले. सरांनी मागून पन्नासएक तपासले, एकही चुकला नव्हता. शुक्रवारी त्यांनी वहीवर सही केली. ते पिवळीचं पान तसंच होतं, त्याच्याच खाली केली.

बस निघताना पोरीनं नांगचा हात कपाळाला लावून आशीर्वाद घेतला. नांग म्हणाली, "पुढच्या वेळी म्हातारी चुकली तर बोलायचं."

"हो, नांग," जोरिलिन म्हणाली. बोलेल की नाही, देव जाणे.

नांग बेनिंग आता शेडमध्ये असते, माझ्या शेजारच्या टाकीवर. सरकारी दवाखान्यात डोळ्यांच्या यादीत तिचं नाव आहे, नंबर लागायचा आहे. पण मनगटावरची फीत सुटलेली नाही. दर सोमवारी ती माझ्यापुढे हात करते आणि मी बांधते.

"कुठली?"

"जांभळी, नांग."

ती मान डोलावते. मग तोच हात पलीकडच्या टाकीवरच्या बाईपुढे धरते आणि तिलाही विचारते.