अकरा सुरांचा पंचनामा

ढाणकीच्या बाजारओळीत भीमराज मुनेश्वरचं पेट्या दुरुस्तीचं दुकान होतं. पेट्या म्हणजे हार्मोनियम, कॅसिओ, बँडवाल्यांचे अ‍ॅम्प्लिफायर आणि एकदा तर सर्कशीचा भोंगा. दुकानाला पाटी नव्हती. आतून कायम कुठला तरी एकच सूर अर्धा अर्धा तास ऐकू यायचा, आणि पत्ता विचारणाऱ्याला शेजारचा कापडवाला वैतागून म्हणायचा, "कान नाही का तुमाले? हाये ना तो, बोंबलून राह्यला."

साल दोन हजार सहा. कापूस बुडून जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचं जे झालं ते बघायला रोज कोणी ना कोणी गाड्या घेऊन येत होतं. लग्नं आटोपशीर झाली, ऑर्केस्ट्राच्या सुपाऱ्या आटल्या, तेव्हा भीमराजला वाटलं आता आपलंही दुकान बसलं. झालं उलटंच. दुःख बघायला येणाऱ्याचं स्वागत करावं लागे, स्वागत म्हटलं की गीत आलं आणि गीत म्हटलं की कॅसिओ आला. मनोबल मेळावा, धीर शिबिर, संवाद यात्रा. त्या वर्षी भीमराजने एकच स्वागतगीत एकोणतीस वेळा वाजवलं, फक्त पाहुण्याचं नाव बदलायचं. एकदा ते बदलायचं राहून गेलं. पाहुणा दुसऱ्याच्या नावावर शेवटपर्यंत मान डोलवत राहिला.

अशातच त्याला एका चर्चमधून निरोप आला. महागावच्या अलीकडे हमरस्ता सोडून आत एक जुनं मिशन होतं. चर्च, बंद पडलेला दवाखाना आणि चिंचा. चर्चचे सेक्रेटरी रत्नाकर शेंडे सर, निवृत्त मास्तर. त्यांनी हौसेने नवा कॅसिओ आणला होता. त्यात 'चर्च ऑर्गन' नावाचा आवाज होता, पण त्याच्याबरोबर सुरू झालेला डिस्कोचा ठेका काही बंद होईना. गेले चार रविवार प्रार्थना त्या ठेक्यावर होत होती आणि मंडळी खाली माना घालून उभी राहत होती.

भीमराजने एक बटण दाबलं. ठेका थांबला.

"म्हणजे यंत्रात दोष नव्हता?" सरांनी विचारलं.

"यंत्रात नव्हता," भीमराज म्हणाला.

मागच्या बाकावर एक म्हाताऱ्या बाई हसल्या. त्या सुमतीबाई हिवाळे, मिशनच्या दवाखान्यातल्या जुन्या नर्स. वय पंचाहत्तरीच्या पुढे. त्यांनी भीमराजला खुणेने बोलावलं आणि वेदीच्या बाजूची ताडपत्री दूर केली.

आत भिंतभर पाइप उभे होते. काही लाकडाचे चौकोनी, बाकीचे शिसं-कथलाचे. सर्वांत मोठा भीमराजच्या डोक्यावरून जाणारा, सर्वांत छोटा पेन्सिलीएवढा. खाली पट्ट्या, बाजूला भात्याचा दांडा. हवा भरायला एक माणूस लागे, वाजवायला एक. कोणा गोऱ्या साहेबाने शंभर वर्षांपूर्वी बोटीने आणि पुढे बैलगाडीने हा ऑर्गन आणवला होता. सुमतीबाई तो चाळीस वर्षं वाजवत होत्या. मग भात्याचं चामडं फाटलं. कमिटीने दुरुस्तीचा विषय सात बैठकांत घेतला आणि आठव्या बैठकीत ताडपत्री घेतली.

"फाटलं आहे तिथे दोन्ही हातांनी दाबून धर," बाई म्हणाल्या, "आणि पायाने दांडा मार."

भीमराजने तसं केलं. बाईंनी एक पट्टी दाबली. जो आवाज आला तो भीमराजच्या कानाला नंतर कळला. आधी तो फरशीतून त्याच्या तळपायांना लागला. वीस वर्षं तो लोकांना कॅसिओवर 'ऑर्गन' ऐकवत होता. आज त्याला समजलं, की आपण झेरॉक्सची झेरॉक्स विकत होतो, आणि मूळ कागद इथे ताडपत्रीखाली पडलेला होता.

"सर, हा मी नीट करून देतो. मजुरी नको," तो शेंडे सरांना म्हणाला.

"कमिटीपुढे ठेवतो," सर म्हणाले.

ज्या कमिटीला चामड्याचा तुकडा घ्यायला सात बैठका पुरल्या नाहीत, तिने आठ दिवसांत अख्खा ऑर्गन भंगारात काढला. कोणी फुकट दुरुस्त करायला तयार आहे म्हणजे यात काहीतरी किंमत असणार, हे सरांनी बरोबर ओळखलं होतं. फक्त ती किंमत त्यांना वजनात दिसली.

भंगारवाला रामलाल. सुमतीबाईंनी कोणाच्या तरी फोनवरून भीमराजला कळवलं आणि तो आपली एम-एटी गाडी दामटत रामलालच्या वाड्यात पोचला, तेव्हा भट्टी पेटलेली होती. रामलालने शहाण्या माणसासारखं जड माल आधी घेतला होता. अकरा मोठे पाइप वितळून त्यांच्या विटा झाल्या होत्या.

"बाकीचे ठेव. मी घेतो," भीमराज म्हणाला.

"काय करशील? बासऱ्या आहेत त्या."

"वाजवीन."

रामलालने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या गाडीकडे पाहिलं. गाडी नवीन होती. सौदा तिथेच झाला.

घरी बायको, कांताबाई, दारातच उभी होती. "गाडी कुठी हाये?"

"ट्रकातून येऊन राह्यली."

"गाडी ट्रकातून?"

"गाडी नाही. गाडीच्या बदल्यात जे भेटलं ते."

ट्रक आला. कांताबाईने लाकडाचे सांगाडे, पाइपांची मोळी आणि मधमाश्यांचं एक वाळलेलं पोळं उतरताना पाहिलं. "कायचं हाये हे?"

"चर्चातला ऑर्गन."

"आपल्यात चालते का?"

"हवेवर चालते," भीमराज म्हणाला. त्या दिवशी त्याला जेवण उशिरा मिळालं.

घरात तो मावेना. बुद्धविहाराच्या हॉलमध्ये ठेवावा म्हटलं, तर तिथे दोन तास चर्चा झाली, की ख्रिस्ती वाद्यावर वंदना वाजवली तर ती वंदना राहते काय. भीमराज म्हणाला, "आपला कॅसिओ जपानी हाये. तिथं तर सारे आपलेच राह्यते." यावर मंडळी विचारात पडली आणि विषय पुढच्या पौर्णिमेवर गेला. अनेक पौर्णिमा झाल्या, तो अजून तिथेच आहे.

शेवटी जिनिंगवाले बबनराव धावून आले. त्यांचं कापसाचं गोदाम दोन हंगाम रिकामं होतं. व्यापाऱ्याला रिकामी जागा बघवत नाही म्हणून त्यांनी ते उघडून दिलं. भीमराज आत शिरून एकदा खाकरला, आणि ते खाकरणं छपराला लागून गोल होऊन परत आलं. हे गोदाम भरलेलं असतं तर कापसाने सगळा आवाज गिळला असता. जिल्ह्याच्या वाईट दिवसांचा कोणाला खराखुरा फायदा झाला असेल, तर तो या ऑर्गनला.

काम आठ महिने चाललं. सुमतीबाई दर बुधवारी एसटीने येत, डबा घेऊन. चाळीस वर्षं त्यांनी माणसांच्या छातीला कान लावले होते, आता त्या पाइपांना लावू लागल्या. "याला कफ झाला आहे," त्या म्हणत, आणि त्या पाइपातून खरोखर गांधीलमाशीची माती निघे. भीमराजने सूर मोजायचं मशीन लावून प्रत्येक सूर दोरीत बसवला, तर बाई नाराज.

"हा इतका सरळ नव्हता. हा दाबल्यावर जरा विचार करायचा, मग बोलायचा."

"बाई, तो बिघाड होता."

"असेल. पण तो त्याचा आवाज होता. तू आमचा ऑर्गन नीट करतोस की नवा करतोस?"

भीमराज दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी त्याने त्या पाइपाचं तोंड पुन्हा थोडं बिघडवलं आणि वहीत लिहिलं, "विचार करून बोलतो." पुढे वहीत असे पुष्कळ शेरे झाले. "सर्दी", "हट्टी", "पावसात गोड". हे सगळे सूर त्याने एकेक करून आपल्या भारी कीबोर्डात भरूनही ठेवले. रामलालसारखा दुसरा कोणी भेटला तर निदान आवाज तरी हाती राहावा.

प्रश्न अकरा मोठ्या पाइपांचा होता. त्याचं उत्तर गावोगाव पडून होतं. एका योजनेत ज्याला त्याला स्प्रिंकलरचे अ‍ॅल्युमिनियमचे पाइप मिळाले होते. ज्याला विहीर होती त्यालाही, ज्याला नव्हती त्यालाही. विहीर नसलेले लोक त्यावर कपडे वाळवत. भीमराजने मागितले, त्यांनी दिले. त्याने ते मापात कापले, तोंडं पाडली, बुडं बंद केली. पाण्यासाठी आलेले पाइप वाऱ्यावर बोलू लागले. बाईंनी ऐकून सांगितलं, "जरा सरकारी आवाज आहे, पण चालेल."

आणि मग दिल्लीहून अभ्यासपथक आलं. तालुक्याच्या साहेबांना काहीतरी आशादायक दाखवायचं होतं, आणि आशादायक म्हणावं असं तालुक्यात दुसरं काही सापडेना. गोदाम झाडलं गेलं. शेंडे सर 'आमच्या मिशनचा ऐतिहासिक वारसा' असा फलक घेऊन आले आणि स्वतःच खिळे ठोकून तो लावला. रामलालही आला. हा वारसा भट्टीतून मीच वाचवला, असं तो भेटेल त्याला सांगत होता. पथक तीन तास उशिरा पोचलं आणि पोचताच लाइन गेली. माइक, पंखे, साहेबांचा कॉम्प्युटर, सगळं गप्प.

"कार्यक्रम रद्द करावा लागेल," साहेब म्हणाले.

"याले लाइन लागत नाही," भीमराज म्हणाला आणि भात्याचा दांडा धरला.

सुमतीबाई बसल्या आणि एक जुनं भजन त्यांनी सावकाश वाजवलं. अंधारलेल्या गोदामात तो आवाज भरत गेला. भाता मारता मारता भीमराजने पाहिलं, की दारात झाडलोटीच्या कामावरच्या बाया येऊन थांबल्या आहेत आणि कांताबाई त्यांच्यात सर्वांत पुढे आहे. इतक्या महिन्यांत तिने गोदामात पाऊल ठेवलं नव्हतं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, पण गेलीही नाही.

पथकाच्या प्रमुख बाईंनी हिंदीतून कौतुक केलं आणि मोठे पाइप कोणी बनवले ते विचारलं. भीमराज खरं बोलण्याच्या सवयीचा माणूस. "योजनेचे हायत मॅडम. स्प्रिंकलरचे. इकडे पाणी नाही, म्हणून हवा भरली."

प्रमुख बाई हसल्या. साहेब हसले नाहीत.

चौथ्या दिवशी पंचनाम्याला माणसं आली. अनुदानाच्या साहित्याचा दुरुपयोग. अकरा पाइप जप्त करायचे, पण वस्तू ओळखीसाठी वर्णन नीट हवं. म्हणून कारकुनाने एकेक पाइप तोंडाला लावून फुंकला आणि लिहिलं, "नग एक, फुंकल्यास आवाज येतो. नग दोन, आवाज येतो, जाड." सहाव्या नगाला त्याला चक्कर आली. भीमराजने त्याला पाणी दिलं आणि उरलेले स्वतः फुंकून दिले. पाइपांना लाखेची सीलं लागली आणि ते सरकारजमा झाले. ज्यांच्या वावरात तसलेच पाइप कपडे वाळवायला होते, त्यांना कोणी विचारलं नाही. कपडे वाळवणं बहुधा नियमात बसत होतं.

पथकाचा अहवालही आला. संगीताने मनोबल वाढतं असा निष्कर्ष निघाला आणि गावोगाव कीबोर्ड वाटले गेले. त्यांच्यासोबत अ‍ॅडॉप्टर आले नव्हते. ते जोडून द्यायला लोक भीमराजकडेच येऊ लागले.

जप्त झालेल्या अकरांच्या जागी त्याने झरी जामणीकडून जाड बांबू आणवले. बांबूचा आवाज मऊ निघाला. सात पाइप झाले होते, आठवा तासायला घेतला होता, तेव्हा सुमतीबाई वारल्याची खबर आली.

शेंडे सरांनीच निरोप धाडला होता, की बाईंची इच्छा होती, ऑर्गन वाजावा. गोदामातली पाइपांची भिंत उचलून नेता येत नव्हती. भीमराज आपला कीबोर्ड आणि ट्रॅक्टरची बॅटरी घेऊन चर्चमध्ये गेला. त्यात त्याने भरलेले सूर होते. सर्दीवाला, हट्टी, विचार करून बोलणारा. तेच भजन त्याने वाजवलं. म्हाताऱ्या बाया पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, अगदी तोच आवाज. भीमराजला ठाऊक होतं की तो नाही. फरशीतून त्याच्या तळपायांना काहीच लागलं नव्हतं. पण या बायांना ते सांगणं त्याला बरं वाटलं नाही.

सगळं आटोपल्यावर शेंडे सर जवळ आले. कीबोर्डावरून त्यांनी हात फिरवला.

"कमाल आहे. एवढ्याशा पेटीत सगळा ऑर्गन मावला की. म्हणजे तो मोठा आम्ही काढून टाकला, तो निर्णय योग्यच होता म्हणायचा."

भीमराजने वायर गुंडाळली, बॅटरी खांद्यावर आणि कीबोर्डाची पेटी काखेत घेतली आणि चालत फाट्यावर आला. एसटी आली तेव्हा कंडक्टरने विचारलं, "कायची पेटी हाये?"

"भजनाची," भीमराजने सांगितलं आणि पेटी मांडीवर घेऊन बसला.