नोटिशीचं उत्तर

वडील हिंगोलीकडच्या गोरेगावच्या शाळेत मराठी शिकवायचे. हिंगोलीच्या एका दुकानातून त्यांनी हप्त्यानं ट्रान्झिस्टर आणला, तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "पैशाचं काय गुरुजी, तुमी बसून ऐका." वडिलांनी ते मनावर घेतलं. सुरुवातीचे हप्ते गेले. मग दुष्काळ पडला, पगार लांबले. पुढं पगार वेळेवर होऊ लागले, पण हप्त्याची मोडलेली सवय मोडलेलीच राहिली. संध्याकाळी बातम्यांना अर्धी गल्ली आमच्या ओट्यावर असायची, आणि वडील ऐटीत आवाज वाढवायचे.

एके दिवशी पोस्टमननं वकिलाची रजिस्टर नोटीस आणली. पैसे भरा, नाहीतर दावा लावू. आई इतकी घाबरली, की जप्तीवाले वेशीपाशी आल्यासारखा तिनं ट्रान्झिस्टर ज्वारीच्या कणगीत लपवला आणि मामाला निरोप धाडला. मामा हिंगोलीला एका वकिलाकडं कारकून होता. आमच्या घरात त्याला निम्मा वकील समजत.

मामानं कागद वाचला आणि हसला. शेवटचा हप्ता भरल्याला तीन वर्षं होत आली होती. आणखी थोडे दिवस गेले की दावा लावायची मुदत संपणार होती, मग दावा टिकणार नव्हता.

"दाजी, तुमी काहीच करू नका," तो म्हणाला. "लिहून तर बिलकुल देऊ नका."

वडिलांनी मान हलवली. पण नोटिशीत शुद्धलेखनाच्या चुका होत्या. असल्या मराठीपुढं गप्प बसणं त्यांना काही सोसेना. मामाची पाठ वळताच त्यांनी दोन पानी उत्तर लिहिलं. त्यात दुष्काळ होता, दिलगिरी होती, आणि "आपले देणे मला पूर्णतः मान्य आहे" हे वाक्य होतं. खाली तारीख आणि वळणदार सही. पोस्टात टाकण्याआधी त्यांनी ते आम्हा भावंडांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

मामाला कळलं तेव्हा तो डोकं धरून बसला. त्या कबुलीनं मुदत पुन्हा नव्यानं सुरू झाली होती.

"काहून लिहिलं तुमी?" आईनं विचारलं.

"खोटं काय लिहिलंय त्यात?" वडील म्हणाले.

दावा लागला. तारखेला न्यायाधीश रजेवर निघाले, तेव्हा वडील आणि दुकानदार जवळच्या हॉटेलात जाऊन बसले. भजी खाताना दुकानदारानं सांगितलं, की वकिलानं सगळ्याच उधारीवाल्यांना नोटिसा धाडल्या होत्या. कुणीच दाद दिली नाही आणि सगळ्यांची मुदत निघून गेली. उत्तर एकट्या गुरुजींचं आलं, म्हणून दावाही एकट्या गुरुजींवरच लागला. पत्र मात्र फार आवडलं म्हणाला. कोर्टाचा खर्च त्यानं सोडला. बाकी पगारातून थोडी थोडी फेडायची ठरली.

वडील घरी आले ते खुशीतच. "एवढ्या लोकांत माझंच पत्र त्यांनी जपून ठेवलंय," त्यांनी आईला सांगितलं.

पुढं त्यांनी पैसे चुकते केले. त्या दिवाळीला आम्हा पोरांना नवे कपडे झाले नाहीत.