बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट

सहा फेब्रुवारी. मी ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत होते. शेजारच्या बाई आल्या, गोणीवर छापलेला आकडा पाहिला आणि बोटांच्या पेरांवर त्यातल्या अंकांची बेरीज केली. "तीनने फुटतो," म्हणाल्या.

हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई. मोटारसायकल असो की लग्नपत्रिका, दिसेल तो आकडा फोडायच्या. न फुटणारी, म्हणजे मूळ संख्या सापडली की पाहुणा आल्यासारख्या खूश. तुम्ही नवी गाडी दाखवली असती तर त्यांनी रंग पाहिला नसता.

त्या दिवशी मात्र बसल्या नाहीत.

"काल बाजारातून घरचा रस्ता आठवेना गं. चौकात नुसती उभी. मुलगा म्हणतो, सुरतेला ये. एक मोठा आकडा दे. बरोबर सोडवला तर इथंच राहीन. चुकले तर त्याच्याकडे."

"बाई, मन्हं काम पडेल शे. एक ते सात ओळमा लिखा, व्हयनं!" मिरच्यांवरून मान न उचलता मी म्हटलं.

"बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट," बाईंनी लगेच वाचलं. "म्हणजे अकराशे अकरापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागायचं. त्यापुढे जायला नको, जोडीतला लहान अवयव त्याच्या आतच असतो."

मी आपलं तोंडाला आलं ते बोलले होते. आता दिवसभर नजर त्यांच्या खिडकीकडे.

संध्याकाळी वही घेऊन आल्या. "फुटत नाही. मूळ आहे."

मी मोबाइलवर तपासलं. एकशे सत्तावीस गुणिले नऊ हजार सातशे एकवीस. वही चाळली. एकही भागाकार चुकलेला नव्हता. पण एकशे तेरानंतर थेट एकशे एकतीस.

गप्प बसता आलं असतं. पण माझ्या शब्दावर त्या एकट्या राहणार होत्या. मी बोट ठेवलं. "बाई, आठे एक राही गई."

बाईंनी वही जवळ ओढली. "एकशे तेरानंतर सलग तेरा संख्या, एकही मूळ नाही. त्याआधी इतकी मोठी फट कुठेच नाही. पोरांना दरवर्षी सांगायचे, इथं जपून उडी मारा. आणि मीच पुढं जाऊन पडले."

तिथंच पेन्सिलीने भागलं. बाकी शून्य.

"मग आता नऊ हजार सातशे एकवीस फोडा," मी म्हटलं.

"कशाला? ती फुटली असती तर शंभराच्या आतल्या कुणीतरी फोडली असती. आणि त्याने ही मोठीही फुटली असती. त्या सगळ्यांनी तर माझं भागून झालंय. तीही मूळच."

"इतलं समजस तुमले, मंग कशाले जातस?"

"समजतं गं. पण वगळलं, तेव्हा समजलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना सुरतेच्या गाडीत बसवलं. परत येऊन त्यांचं घर तपासलं. गॅस बंद, नळ बंद, मागच्या दाराला कडी. काहीही राहिलं नव्हतं. कुलूप लावलं, आणि पुन्हा उघडून सगळं परत एकदा बघितलं.