समोरून, बाजूने, वरून

साठी बुद्धी नाठी म्हणतात. आमच्या ह्यांनी ती म्हण तारीख पाळून खरी केली. साठ पूर्ण झाली त्याच आठवड्यात हे सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडले आणि दुपारी परत आले ते विद्यार्थी होऊन. गळ्यात ओळखपत्र, आणि चेहऱ्यावर पहिलीत घातलेल्या पोराचा आनंद.

"इलस्ट्रेशनचा कोर्स आहे," म्हणाले. "गोष्टीच्या पुस्तकांत चित्रं असतात ना, तशी काढायला शिकवतात. दोन वर्षांचा."

"आणि दोन वर्षांनी काय?"

"दोन वर्षांनी बासष्ट."

बासष्ट तर घरी बसूनही झाले असते, पण ते बोलण्यात अर्थ नव्हता. माणूस एकदा गळ्यात ओळखपत्र घालून आला की त्याला अक्कल शिकवायची नसते. मी म्हटलं, नव्याचे नऊ दिवस, जाऊ दे. मी स्वतः एका दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. रोज दोनदा ब्रश करतो असं छातीठोकपणे सांगणारी माणसं मी दिवसभर बघते. नवऱ्याच्या एका उत्साहाने मी काही हलत नाही.

ह्यांनी चौतीस वर्षं पंपाच्या कारखान्यात ड्राफ्ट्समनचं काम केलं. म्हणजे पंपाचे व्हॉल्व्ह कागदावर काढायचे. समोरून कसा दिसतो, बाजूने कसा, वरून कसा, आणि प्रत्येक रेघेच्या शेजारी तिचं माप. पट्टी लावल्याशिवाय ह्यांनी कधी रेघ मारली नाही. घरातल्या किराणा यादीलासुद्धा समास पट्टीने. चौतीस वर्षांत ह्यांची चित्रं कुणी 'बघितली' नाहीत. व्हॉल्व्ह तयार झाला की कागद गुंडाळून कपाटात. एकदाच मला म्हणाले होते, "एवढं काढलं, पण 'वा' कुणी म्हटलं नाही." मी म्हटलं होतं, "मी एवढी वर्षं स्वयंपाक केला, मला तरी कुठे कुणी म्हटलं?" विषय तिथेच संपला. तसे आमच्याकडे बरेच विषय संपलेले आहेत.

तर ह्यांच्या वर्गात बारा जण. अकरा जण एकोणीस-वीस वर्षांचे आणि एक हे. पोरं ह्यांना 'काका' म्हणत. शेजारी बसणाऱ्या मुलीचे केस निळे, म्हणून आमच्या घरात ती 'निळी' झाली. शिकवणाऱ्या बाई आमच्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी लहान. ह्या सगळ्यांत आमचे हे पहिल्या बाकावर, चार टोकदार पेन्सिली, खोडरबर आणि ती स्टीलची पट्टी घेऊन बसायचे.

पहिल्या सत्रात एक फॉर्म भरायचा होता. 'तुमच्या प्रेरणा कोणत्या?' आणि 'कलाकार म्हणून वाढीची उद्दिष्टं काय?' साठीत वाढ म्हटल्यावर मला तरी फक्त पोट आठवलं. पण हे तीन दिवस त्या फॉर्मपुढे डोकं धरून बसले आणि शेवटी निळीचा फॉर्म बघून लिहून आले, 'प्रेरणा : प्रकाश आणि शांतता यांच्यातलं नातं.'

"प्रकाश?" मी म्हटलं. "न्हाणीघरातला दिवा जाऊन तीन आठवडे झालेत. तिथे अंधार आणि शांतता यांचं नातं चांगलं जमलंय, ते बघा आधी."

आणि वाढीची उद्दिष्टं? 'रेघेची जाडी ०.३ ते ०.५ मिलिमीटरमध्ये राखणे.' डोंगर पोखरून उंदीर! बाईंनी फॉर्म परत दिला. म्हणाल्या, "काका, हे दुसऱ्याचं आणि कारखान्याचं झालं. वर्षाच्या शेवटी तुमचं लिहून द्या."

मग आली ती ऐतिहासिक घटना. गृहपाठ होता, 'घरातली एक व्यक्ती.' घरात व्यक्ती म्हणजे मीच, मुलगी तर परगावी असते. एका सुट्टीच्या सकाळी ह्यांनी मला खुर्चीवर बसवलं, माझ्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, पाठीमागे स्टूल ठेवून त्यावर चढले, खाली उतरले आणि दोन तास पट्टी चालवली. मीही जरा खूश होते, खोटं कशाला बोलू. केस विंचरून बसले होते.

कागद हातात आला. मी तीनदा होते. समोरून मी, बाजूने मी, आणि वरून मी. खांद्याची रुंदी लिहिलेली. कमरेची तर लिहिलेलीच, आणि शेजारी 'अंदाजे'. ते एक वेळ सोडून देऊ. पण वरून काढलेल्या मीमध्ये, भांगाच्या उजव्या बाजूला, एक गोल होता. रिकामा. त्याचा व्यास दिला होता. चार सेंटिमीटर.

"हे काय आहे?"

"तिथे विरळ झालेत," हे अगदी सरळ म्हणाले.

"कधीपासून?"

"तीनेक वर्षं झाली असतील."

तीन वर्षं! तीन वर्षं मी काउंटरवर मान खाली घालून लोकांच्या तारखा लिहीत होते आणि समोरचा प्रत्येक माणूस माझं टक्कल बघत होता. ह्या माणसाला ते माहीत होतं, आणि तो मूग गिळून बसला होता. "सांगायचं नाही?" मी ओरडलेच. हे म्हणाले, "तू विचारलं नाहीस." पुढचे चार दिवस मीठ कमी पडलं की जास्त, हेही मी विचारलं नाही.

बाईंनी ते चित्र म्हणे उलटसुलट करून बघितलं. मग त्यांनी हात पुढे केला आणि ह्यांच्याकडून पट्टी मागून घेतली. "काका, वर्ष संपेपर्यंत ही माझ्या ड्रॉवरमध्ये राहील," म्हणाल्या. "बारापैकी आठच जण दुसऱ्या वर्षाला जातात. मला तुमची तीस चित्रं हवीत, नुसत्या हाताने काढलेली. तीस चित्रं आणि तो फॉर्म भिंतीवर लागेल, घरचे लोक बघायला येतील, आणि त्यावरच ठरेल."

त्या दिवशी हे घरी आले, बूट काढले आणि म्हणाले, "सोडतो मी कोर्स. गुडघे दुखतात."

गुडघे! हेच गुडघे नोकरी सोडताना पण दुखले होते. सेवेची दोन वर्षं शिल्लक असताना हे घरी बसले, तेव्हा नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, मुलीला, सगळ्यांना गुडघ्याचं कारण सांगितलं. मला पण तेच सांगितलं. मी 'बरं' म्हटलं.

आता खरं काय ते सांगते. ह्यांचा उजवा हात कापतो. डॉक्टरांनी तपासलं, मोठा आजार काही नाही, वयाने काहींचा कापतो म्हणाले. ते कागद ह्यांनी जुन्या बिलांच्या खाली लपवले होते, आणि जुनी बिलं आवरतं कोण? मीच. व्हॉल्व्हची रेघ केसभर हलली तर माल फुकट जातो, म्हणून नोकरी सोडली. आणि पट्टी कशाला? पट्टीला टेकला की हात गप्प राहतो. अख्ख्या वर्गात ती पट्टी काय सांभाळत होती, हे कुणाला कळलं नव्हतं. मला कळलं होतं, कारण दोन वर्षांपूर्वी रोज सकाळी ह्यांच्या बशीत चहा दिसायला लागला. मी एक शब्द बोलले नाही. ह्यांचा कप अर्धाच भरायला लागले. अर्धा कप हलला तरी सांडत नाही. ह्यांना वाटायचं मी साखरेसाठी करते. निदान मला तरी तसं वाटायचं.

टकलाबद्दल तीन वर्षं गप्प बसले म्हणून मी घर डोक्यावर घेतलं, आणि मी स्वतः दोन वर्षं हेच करत होते. त्या क्षणी ते लक्षात आलं आणि मला माझाच राग आला. पण राग आला म्हणून कुणी गोड बोलायला लागतं का? निदान मी तरी नाही.

"गुडघ्याने चित्र काढता का?" मी म्हटलं.

हे डाव्या हाताने उजवा हात धरून बसले होते. मला इतकं वाईट वाटलं की रडूच आलं असतं. म्हणून मी जाऊन खुर्ची ओढली, खिडकीपाशी ठेवली आणि बसले.

"बसलेय मी. काढा. समोरून एकदाच. वरून काढायला गेलात तर स्टुलासकट खाली पाडीन."

"बरं येणार नाही गं."

"पट्टीने काढलं तेव्हा तरी कुठे बरं आलं होतं? कमरेखाली 'अंदाजे' लिहिणाऱ्या माणसाने बऱ्याची भाषा बोलू नये."

हसले. मग पेन्सिल उचलली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. ह्यांच्या हाताकडे बघितलं नाही. कागदावर पेन्सिल कुरकुरत होती, थांबत होती, पुन्हा कुरकुरत होती. ते चित्र ह्यांनी मला दाखवलं नाही, आणि मीही मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर मी पुन्हा बसले. तिसऱ्या दिवशी कांदा चिरताना काढलं, चौथ्या दिवशी फोनवर भांडताना. एकदा तर मी झोपले होते तेव्हा काढलं, तोंड उघडं होतं म्हणे. महिनाभर हे चाललं. घरात एवढं निरखून माझ्याकडे लग्नानंतर पहिल्यांदाच कुणी बघत होतं, आणि तेही गृहपाठ म्हणून.

वर्षाअखेरीचा दिवस आला. मी चांगले कपडे घातले, केस डावीकडून उजवीकडे वळवून घेतले आणि गेले. भल्यामोठ्या खोलीत चारी भिंतींवर चित्रं, पोरांचे आईबाप, सगळीकडे गर्दी. आणि आमच्या ह्यांच्या भिंतीवर पहिलं चित्र कुठलं असावं? समोरून, बाजूने, वरून! चार सेंटिमीटरचा तो गोल दोनशे माणसं येऊन बघत होती. मी म्हटलं, आता काय, झाकली मूठ उघडलीच आहे.

पण त्याच्यापुढे ती तीस चित्रं होती. त्यांत एकही रेघ सरळ नव्हती. प्रत्येक रेघ थरथरत गेलेली, तुटलेली, पुन्हा धरलेली. माझा जुना स्वेटर खरंच लोकरीचा वाटत होता. गळ्याच्या सुरकुत्या होत्या तशाच होत्या. कांदा चिरताना माझ्या कपाळावर जी आठी पडते ती होती. मी काही कलेतलं कळणारी नव्हे, पण ती बाई मीच होते. पहिल्या चित्रातल्या तिघींपैकी एकही मी नव्हते.

बाई चार परीक्षकांना घेऊन आल्या. त्यांतले एक चष्मेवाले वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "वा! ही थरथरती रेघ काय साधलीय तुम्ही! कशी सापडली?"

मी मनात म्हटलं, सांगा आता गुडघ्याने.

ह्यांनी उजवा हात वर केला. सगळ्यांसमोर, उघडा, कापत होता तसाच. "सापडली नाही," म्हणाले. "माझा हात कापतो. दोन वर्षं होऊन गेली. नोकरी त्यामुळेच सोडली. घरीसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं."

बाईंनी कोपऱ्यातल्या स्वतःच्या टेबलाच्या ड्रॉवरकडे पाहिलं, पट्टी तिथेच होती बहुतेक. आणि मग ती निळी, देव तिचं भलं करो, अगदी तळमळीने म्हणाली, "काका, मी दोन महिने मुद्दाम हात हलवून बघतेय. मला तशी येतच नाही." हे एवढे मोठ्याने हसले की मला लाज वाटली. तसं बरंही वाटलं.

संध्याकाळी यादी लागली. आठ जणांत हे सहावे. मी ती यादी तीनदा वाचली, कारण लोकांचं ऐकून विश्वास ठेवायची मला सवय नाही. निघताना माझी नजर भिंतीवरच्या फॉर्मकडे गेली. तो वाचायचा राहिलाच होता.

'प्रेरणा : समोर जी बसेल ती.'

छत्तीस वर्षं संसार केला, आणि मी 'समोर जी बसेल ती'! आता हे घरी गेल्यावर बघते, असं ठरवूनच खाली वाचलं.

'वाढीचं उद्दिष्ट : भरलेला कप उचलणे. सध्या घरात अर्धा मिळतो. का मिळतो ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.'

घरी येईपर्यंत मी रस्त्यावरचे दिवे मोजत होते. हे मात्र निळीने काय काढलं आणि चष्मेवाले काय म्हणाले, त्याचा पाढा वाचत होते. चहा केला. ह्यांच्या कपात ओतताना नेहमीच्या जागी माझा हात आपोआप थांबला. मग पुन्हा वाकवला आणि कप काठोकाठ भरला.

ह्यांनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि उचलला. थोडा बशीत गेला, थोडा इस्त्रीच्या शर्टावर, उरलेला तोंडापर्यंत पोचला.

"सांडला," हे म्हणाले.

"दोन वर्षांचा कोर्स आहे ना?" मी म्हटलं. "एकच वर्ष झालंय."