हाव म्हणावं की हो?

मंडळी, मला नोकरी लागली. मुंबईची फर्म, कॉर्पोरेट लॉ. कॉलेजात असल्यापासून हेच पाहिजे होतं. पण अभिनंदन लिहायच्या आधी हे वाचा.

दुपारी लातूरच्या रूमवरूनच व्हिडिओवर मुलाखत दिली. करार, भागधारकांचे हक्क, कंपन्यांचं विलीनीकरण, सगळं इंग्रजीत विचारलं आणि मी सगळं नीट सांगितलं. शेवटी फर्मच्या मोठ्या मॅडम मराठीत म्हणाल्या, "कोर्टात उभं राहायला मिळणार नाही हं. दिवसभर करारच वाचायचे. चालेल?"

मी म्हणाले, "हाव."

आमच्याकडे हाव म्हणजे हो, घरात तर हावच. मॅडमना वाटलं लोभ. "अगं, इतकी हाव बरी नव्हे!" त्या म्हणाल्या आणि स्क्रीनवरचे सगळे हसले. मीपण हसले. मग "हो मॅडम, चालेल," असं नीट म्हणाले. निवड झाल्याचं त्यांनी तिथंच सांगितलं. वाईट कुणीच वागलं नाही, उगाच कुणाला शिव्या देऊ नका.

लॅपटॉप बंद केला. नाचावं वाटलं नाही, रडावंही वाटलं नाही. नुसती पंख्याकडं बघत बसले.

मग रेणापूरला आईला फोन लावला.

"लागली का गं नोकरी?"

"हो."

"मुंबईला जावं लागंल?"

"हो."

"खूश हायेस ना?"

"हो."

आई आवाज बारीक करून म्हणाली, "कुणी परकं बसलंय का गं जवळ?"

रूममध्ये मी एकटीच होते.