सकाळचे टायर, संध्याकाळचे टायर

ट्रकला पासिंगचा कागद मिळाला, की तो रस्त्यावर चालवायला सुरक्षित झाला, असे तुम्ही खरेच मानता? मग तुम्हाला आमचे नोंदमामा भेटायला हवे होते.

परभणीत गंगाखेड रस्त्यावरच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये मी मालाच्या पावत्या, म्हणजे बिल्टी, लिहायचो आणि मामा गाड्यांचे रजिस्टर सांभाळायचे. ब्रेक, दिवे, टायर, सगळ्याची नोंद. टायरवर कोरलेला नंबर ते गुडघे टेकून, बोटाने चिखल पुसून वाचत आणि मगच लिहीत. एकदा मी म्हणालो, "मामा, मागच्या महिन्याचाच नंबर उतरवा की."

"जेवलास का इचारलं, तर परवाचं जेवन सांगशील का रे?"

वर्षाच्या तपासणीची आमच्याकडे एक रीत होती. मालकाने सहा नवे टायर ताडपत्रीखाली झाकून ठेवले होते. ज्या गाडीची पासिंग असेल तिला ते सकाळी चढत. गाडी पास होऊन आली की संध्याकाळी उतरत, आणि जुने गुळगुळीत टायर परत लागत. बबन ड्रायव्हर हसायचा, "मामा, आज आमच्या गाडीला पाव्हन्याचे बूट हायेत. सांच्याला काढून द्यायचेत." मामा हसत नसत. ते सकाळचे नंबर लिहीत आणि संध्याकाळचेही.

मालक एकदा खेकसला, "सकाळचं लिवलं, बास झालं. सांच्याचं कशाला लिवायलाव?"

"टायर उसने हायेत मालक, पेन माजा हाय."

हे वाक्य मी मित्रांना कितीदा तरी ऐकवले. ऐकवण्यापलीकडे काही केले नाही.

पासिंगनंतर महिनाभरात बबन सरकीची पोती घेऊन निघाला. राणीसावरगावजवळच्या उतारावर पुढचा टायर फुटला, गाडी उलटली. बबन केबिनमध्येच गेला. पोलिसांच्या कागदावर कारण लिहिले गेले: चालकाचा निष्काळजीपणा. पासिंग ताजी होती. गाडीत दोष असेलच कसा?

मामांनी रजिस्टर उघडले, तर बबनच्या गाडीचे पान फाडलेले. चौकशीला आलेल्या साहेबांना त्यांनी तोंडी सगळे सांगितले. साहेबांनी पुरावा मागितला. तो नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मामांना कामही नव्हते.

बबनची बायको सुमन त्यांच्या दारात आली तेव्हा मी तिथेच बसलो होतो. ती रडली नाही. "ताडकळसच्या बाजारात लोक म्हनायलेत, बबननंच गाडी पालथी घातली. मामा, तुमाला तर ठावं होतं."

ती वळणाआड जाईपर्यंत मामा दारात उभे राहिले. मग म्हणाले, "लिवत राह्यलो रे. वाटलं, लिवलं की आपलं काम झालं. एकदा तरी त्याच्या गाडीम्होरं आडवं व्हायला पायजे होतं."

त्या उन्हाळ्यात मामा गेले. शेवटपर्यंत ते त्या पानावरचे नंबर आठवू पाहत होते.

सुमनबाईंची लढाई कोर्टात चालू आहे. नवऱ्याच्या नावापुढचा तो शेरा त्यांना पुसायचा आहे. मी माझा जबाब दिला आहे. एका बिल्टी लिहिणाऱ्याच्या शब्दाला तिथे वजन नाही. ते टायर लावून गाडी पास करून आणणारे ड्रायव्हर, ते चढवणारे-उतरवणारे हात, तुम्ही याच जिल्ह्यात आहात. नोकरीची भीती मला कळते, मीही तिच्यापायी गप्प बसलो होतो. तरी पुढच्या तारखेला या. सुमनबाईंच्या शेजारी उभे राहा आणि डोळ्यांनी जे पाहिले, ते मोठ्याने सांगा.